वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही

सोनवणेबाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात त्यांचा फोटो आला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बिचाऱ्या वीटभट्टी मजुरांची माउली हरपली.’ ते पान मी चुरगाळून टाकलं. रडू येत होतं म्हणून नाही, डोकं सणकलं होतं म्हणून. एका ओळीत किती खोटं लिहावं माणसाने! बाई कुणाची माउली वगैरे नव्हत्या. त्यांना कुणी माउली म्हटलं की त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरचा पुढचं वाक्य विसरून जायचा. ‘बिचारे’ हा शब्द त्यांनी आमच्या छापखान्यात बंदच करून टाकला होता. आणि ‘हरपली’ म्हणजे काय? हरपायला त्या काय छत्री होत्या? न्यूमोनिया झाला, चार दिवस दवाखान्यात होत्या, मेल्या. त्यांना असंच लिहिलेलं आवडलं असतं.

म्हणून मी लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. माझं नाव मंगल. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी, म्हणजे डीटीपी, करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, फरसाणाच्या पाकिटांवरची लेबलं, नगरसेवकांच्या वाढदिवसाची पत्रकं, जे येईल ते. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द जुळवले, त्यामुळे स्वतःचे जुळवताना हात अडतोय. पण बाईंबद्दल त्या साप्ताहिकवाल्याने लिहावं आणि मी गप्प बसावं, हे काही माझ्याने होणार नाही.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना वर्गणी मागणारी कुणीतरी समजले. बुटक्या, सुती साडी पिनेने घट्ट लावलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि काखेत एकफुटी लाकडी पट्टी. अंबरनाथच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. बुवापाड्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. ती पट्टी शाळेतली. पोरांना कधी मारलं नाही म्हणायच्या, फक्त टेबल बडवलं. प्रूफ वाचताना ती पट्टी ओळीखाली धरायच्या आणि एक ओळ संपल्याशिवाय खाली सरकवायच्या नाहीत. एक पान वाचायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात माझ्या दोन पत्रिका जुळून व्हायच्या.

त्यांना चार पानांचं मासिक काढायचं होतं. नाव ‘सोडवण’. आमचे मालक परसराम, आम्ही सगळे त्यांना सिंधी रीतीने साईं म्हणतो, त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “बाई, इसको खरीदेगा कौन?”

“विकायचं नाहीये. वाचून दाखवायचं आहे.”

“किसको?”

“ज्यांच्याबद्दल आहे त्यांना.”

साईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मजकूर घेतला आणि आपल्या हुशारीने मथळा जुळवला, ‘वीटभट्टीवरील मजुरांची दुर्दशा’. बाईंनी पट्टी ठेवली, वाचलं आणि लाल पेनने फुली मारली.

“मजूर म्हणजे कोण गं?”

“म्हणजे... भट्टीवरचे लोक.”

“तुझ्या आईने तुझं नाव डीटीपी ठेवलं का?”

“नाही.”

“मग कुणाच्या आईने मजूर ठेवलं? नावं दिलीत ना मी? ती घाल. ठळक घाल. आणि शेठचं नाव बारीक टाईपात.”

ही त्यांची रीत शेवटपर्यंत राहिली. भट्टीवरच्या माणसाचं नाव ठळक आणि मोठं, मालकाचं बारीक. आमच्याकडे नेमकं उलटं काम चालायचं. जो पैसे देतो त्याचं नाव मोठं, हे मला कुणी शिकवावंही लागलं नव्हतं. बाईंच्या चार पानांनी मला ते उलटं शिकवलं, आणि त्याचा मी काय घोळ घातला ते पुढे सांगते.

वीटभट्टीचं प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, इकडे वांगणीच्या पुढे, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस येऊन उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर जातं आणि पाऊस येईतो विटा पाडत राहतं. उचल फिटत नाही, कारण हिशोब शेठच ठेवतो. मग पुढल्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. सोडून जायचं नाही, दुसरीकडे काम करायचं नाही. ह्याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात आणि ती गुन्हा आहे. बदलापूरला नव्या इमारतींचे टॉवर उभे राहताहेत, त्यांच्या भिंतीत ह्या विटा आहेत. घर घेणारे सज्ज्याची लांबी-रुंदी विचारतात, वीट कुणी पाडली ते कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

बाईंना वेड होतं ते गुलामगिरीविरुद्ध निघालेल्या जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांचं. पाठ्यपुस्तकात त्यावर एक ओळ होती म्हणे, बाई त्यावर आठवडाभर शिकवायच्या आणि मग मुख्याध्यापकांशी भांडायच्या. ते संपादक त्यांच्या बोलण्यात अशा थाटात यायचे, जणू गल्लीतच राहतात. “तो एक होता बघ, छपाईचे शिशाचे टाईप पाठीवर टाकून गावोगाव पायी जायचा. जिथे छापखाना मिळेल तिथे अंक काढायचा. आणि तुझा लाईट गेला की तू हात झटकून बसतेस!” दुसऱ्या एकाचं छपाईयंत्र जमावाने नदीत फेकलं. त्याने नवं आणलं, तेही फेकलं, पुन्हा आणलं, शेवटी त्याला गोळी घातली. हे सांगताना बाई दरवेळी तेवढ्याच चिडायच्या. तिसरा स्वतःच गुलाम होता, पळून आला आणि संपादक झाला. ह्या तिसऱ्यावर त्यांचा फार जीव. “दुसऱ्यांनी आमच्याबद्दल कळवळून लिहायचं आणि आम्ही मुकाट वाचायचं, हे त्याने बंद केलं,” म्हणायच्या. सगळ्यांची नावं सांगायच्या. मला इंग्रजी नावं लक्षात राहायची नाहीत, आणि मी ‘तो नदीवाला’ म्हटलं की पट्टी टेबलावर आपटायच्या.

त्यांच्याकडे एक फाईल होती. त्या काळातल्या जाहिरातींची. पळालेल्या गुलामाच्या शोधासाठी मालकांनी छापलेल्या. नाव, अंदाजे वय, गालावर व्रण, चालताना लंगडतो, अंगात अमुक कपडे, सापडल्यास कळवावे. साध्यासुध्या वर्तमानपत्रांत, किराण्याच्या आणि घोड्यांच्या जाहिरातींच्या शेजारी. बाई म्हणायच्या, “मालक भाषणात सांगायचा, आमचे लोक सुखात आहेत. आणि जाहिरातीत स्वतःच्या हाताने लिहायचा, पाठीवर फटक्यांचे वळ आहेत. आपल्या संपादकांनी काय केलं, त्या जाहिराती कापून जशाच्या तशा आपल्या पेपरात छापल्या. ह्याहून मोठा पुरावा कुठला?” ‘आपल्या संपादकांनी’ असंच म्हणायच्या. मी हो हो म्हणत फरसाणाचं लेबल जुळवत असायचे. हे सगळं माझ्या कानावरून गेलं होतं, एकदा नाही, वीसदा.

आणि मग त्यांचा तो नियम. वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. ज्याच्याबद्दल मजकूर आहे त्याला प्रूफ वाचून दाखवायचं, तो म्हणेल ते बदलायचं, नको म्हणेल ते काढायचं. त्यासाठी बाई भट्टीवर जायच्या. मुनिमाला सांगायच्या, “मला संडास बांधायचाय, विटा बघायच्यात.” तीन वर्षं त्यांचा तो संडास बांधून झाला नाही! मुनीम चहा मागवायचा, त्या घ्यायच्या नाहीत. उन्हात गिऱ्हाइकासारख्या फिरायच्या आणि विटांच्या थराआड बसून हलक्या आवाजात वाचायच्या.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. वांगणीच्या पलीकडची भट्टी. तिथे सोमी नावाची बाई होती, तिशीच्या आतली, कोपरापर्यंत चिखलात. बाईंनी वाचलं, ‘मुकादमाने पाण्याचा हंडा लाथाडला तेव्हा सोमी ढसाढसा रडली.’

सोमीचा हात थांबला. “कोन रडली?”

“तू. मला शेजारणीने सांगितलं.”

“मी नाय रडली. मी त्याला शिव्या दिल्या. त्याच्या आयशीपासून सुरुवात केली.”

“कोणत्या दिल्यास?”

सोमीने सांगितल्या. बाईंनी ‘ढसाढसा रडली’ खोडलं आणि तिथल्या तिथे शिव्या लिहून घेतल्या, सगळ्या, क्रमाने. माझे कान लाल झाले. मग मी स्टॅम्पपॅड पुढे केलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक प्रूफवर ‘ओके’ लिहून सही करतं, नंतर चूक निघाली तर छापखान्यावर येऊ नये म्हणून. मला वाटलं सोमीचा अंगठा घ्यावा. बाईंनी माझ्या हातातून पॅड हिसकावलं. “अंगठा घेऊनच अडकवलंय तिला! तोंडाने बोल गं सोमी. ठीक आहे?”

“ठीक हाय,” सोमी म्हणाली, आणि पुन्हा चिखल मळू लागली.

त्या अंकात सोमीचं नाव ठळक होतं. फक्त सोमी. बाई कुठल्याही बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव लावायच्या नाहीत. सोमीच्या नवऱ्याचं नाव मला म्हणूनच माहीत नव्हतं.

आता माझी गोष्ट. मला ती सांगायची नाही, पण बाईंबद्दल लिहायचं आणि ही गाळायची, असं करून चालणार नाही.

होळीच्या सुमाराला एक माणूस काउंटरवर आला. स्वच्छ कपडे, हातात मोबाईल. पत्रक छापायचं म्हणाला, हजार प्रती, संध्याकाळपर्यंत. ‘हरवले आहेत’ असा मथळा, मोबाईलमधला एका माणसाचा फोटो. मजकूर असा: ‘भागा काळू वाघे, वय अंदाजे तीस, उजव्या पायाने लंगडतो, सोबत पत्नी व एक मुलगी, मुलीच्या गालावर भाजल्याचा डाग. सदर कुटुंबास कोणीही कामावर अथवा घरी ठेवू नये. दिसल्यास खालील नंबरवर कळवावे.’

मी जुळवलं. अहो, नुसतं जुळवलं नाही, मन लावून जुळवलं! हरवलेलं कुटुंब आहे, लेकरू आहे, म्हणून हळहळले. बाईंनी शिकवलं तसं नाव ठळक केलं, मोठं केलं, लांबून दिसावं म्हणून. त्याने ‘ठेउ’ लिहिलं होतं ते मी ‘ठेवू’ केलं. त्याने प्रूफ बघितलं, ‘ओके’ लिहिलं, सही केली आणि गेला. हरवलेल्या माणसाला कामावर ठेवू नका असं कोण छापतं? हरवलेल्याचे नातेवाईक असं लिहितात का कधी? हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आणि बाईंचा साधा प्रश्न, जो मी वीसदा ऐकला होता, तो मी विचारला नाही. ‘पत्नी’ म्हणजे कोण? नाव काय तिचं? विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सोमी. माझा हात तिथेच थांबला असता. एक प्रश्न विचारायचा होता, आणि मी मेली ठेवू आणि ठेउ बघत बसले.

सोमी, भागा आणि मुलगी बाजाराच्या दिवशी भट्टीवरून निसटले होते आणि बारवीकडे सोमीच्या बहिणीच्या वाडीत लपले होते. माझं पत्रक बदलापूर, वांगणी, धरणाकडच्या रिक्षास्टँडवर, चहाच्या टपऱ्यांवर सगळीकडे लागलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन केला. जीप गेली आणि तिघांना उचलून भट्टीवर आणलं.

बाई पत्रक घेऊनच आत आल्या. खाली छापखान्याचं नाव होतं, आम्ही प्रत्येक पत्रकावर घालतो. मला वाटलं, आता पट्टी टेबलावर फुटणार. त्या खुर्चीवर बसल्या. पत्रक समोर पसरलं. ओळीखाली पट्टी धरली आणि प्रूफ वाचतात तसं मोठ्याने वाचलं, एकेक ओळ, शेवटपर्यंत. मग चष्मा काढला.

“काना-मात्रेची एकही चूक नाही. शाब्बास.”

त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. म्हणाल्या, “रडू नकोस. तुझं रडणं मी छापणार नाही. ह्या कामाचं प्रूफ कुठे आहे?”

प्रत्येक कामाचं एक पाकीट असतं. त्यात गिऱ्हाइकाने लिहून आणलेला कागद आणि सही केलेलं प्रूफ. ते साईंच्या कपाटात. काउंटरवर आलेला तो माणूस सोमीच्या भट्टीचा मुनीम होता, मी भट्टीवर गेले तेव्हा त्याला पाहिलं नव्हतं. बाईंनी साईंना सांगितलं, हे पत्रक ‘सोडवण’च्या पहिल्या पानावर जसंच्या तसं छापायचं, खाली मुनिमाच्या सहीसकट. आणि त्याखाली, हे पत्रक कुठे छापलं आणि कुणी जुळवलं ते.

“बाई, वो शेठ मेरा पुराना गिराक है,” साईं म्हणाले. “कॅलेंडर उसका, लगन का कार्ड उसका. प्रेस का नाम मत डालो.”

“दर महिन्याला मुद्रक म्हणून तुमचं नाव छापतेच ना?”

“वो अलग है.”

“काय अलग आहे? चांगल्या कामाखाली नाव पाहिजे, ह्याच्याखाली नको?”

साईं उठले. मग कपाटातून पाकीट काढून टेबलावर टाकलं. “मैंने नहीं दिया. तुमने उठाया.” आणि दारापर्यंत जाऊन परत वळले. “नाम डालो. फोन नंबर मत डालो.” त्या वर्षी शेठचं कॅलेंडर दुसऱ्या छापखान्यात गेलं, ते त्यांनी मला आजपर्यंत ऐकवलेलं नाही.

मग मी स्वतःचं नाव जुळवलं. ‘अक्षरजुळणी: मंगल.’ आणि नेहमीचा नियम. सोमीला वाचून दाखवायचं. आता भट्टीवर बाईंना कुणी पाय ठेवू देईना. आठवड्याच्या बाजाराला भट्टीवरच्या बायका तेल-मीठ घ्यायला यायच्या. आता नवऱ्याला आणि लेकराला भट्टीवर ठेवून घ्यायचे, म्हणजे बायको परत येतेच. ही त्यांची अक्कल! सुक्या मासळीच्या पाट्यांमागे आम्ही तिला गाठलं. ओठाला चीर पडली होती. बाईंनी पत्रक वाचलं.

“‘सोबत पत्नी’ म्हंजे मी काय?”

“तू.”

“माझा नाव नाय टाकला?”

“नाही टाकलं.”

मग बाईंनी खालची ओळ वाचली. माझं नाव. सोमीने विचारलं, “ही कोन मंगल?” बाई मासळीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “मी.”

सोमीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाईंनी लाल पेन काढलं. “काढायचं असेल तर सांग. तुझा मजकूर आहे.”

“काढू नको,” सोमी म्हणाली. “बारीक हाय ना ता? मोठा कर. भाग्याचा केलान तेवढा कर.”

केलं. भागाच्या नावाएवढंच, तोच टाईप, तेवढंच ठळक. माझ्या भावाने तो अंक बघितला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

तो अंक घेऊन बाई सरकारी कचेरीत गेल्या. कुठल्या ते सांगत नाही. तिथले साहेब म्हणाले, “वेठबिगारी? आपल्याकडे नाहीच ती. बंद झालीय कधीच.”

“मग हे लोक पळाले कुठून?” बाईंनी मुनिमाच्या सहीचं प्रूफ पुढे ठेवलं. “नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं पत्रक कुणी काढतं का? तुमचा शिपाई उद्या सोडून गेला तर तुम्ही रिक्षास्टँडवर त्याचा फोटो लावाल?”

“चौकशी करतो.”

“कधी?”

“बाई, तुम्ही जा आता.”

बाई गेल्या त्या व्हरांड्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि पहिल्या अक्षरापासून अंक वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, वर्गात वाचतात तसं, पट्टी धरून. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डासाठी ताटकळलेली माणसं असतातच तिथे, ती ऐकू लागली. रोज अकरा वाजता. शिपायाने हटकलं, त्यालाच शेजारी बसवून घेतलं. आठव्या दिवसापासून तो शिपाईच ‘अकरा वाजले बाई’ म्हणून आठवण करायचा. सोमीच्या शिव्यांचा जुना मजकूरही बाई वाचायच्या, एक शब्द न गाळता, आणि साहेबांच्या केबिनची खिडकी व्हरांड्यावरच उघडत होती. तेराव्या दिवशी साहेबांनी जीप मागवली.

भट्टीवर जीपच्या मागून रिक्षाने आम्ही गेलो. साहेबांनी तिथेच खुर्ची-टेबल मांडून जबाब घेतले आणि सुटकेचा कागद लिहिला, ‘भागा काळू वाघे व कुटुंब’. बाई टेबलाशी गेल्या. कागदावर पट्टी ठेवली.

“‘व कुटुंब’ म्हणजे कोण?”

“अहो बाई, असंच लिहितात.”

“उद्या शेठ म्हणेल, भागा सुटला, बाकीच्यांना ठेवतो. तीन माणसं आहेत. तीन कागद करा. नावं विचारा. आणि वाचून दाखवा, मग सही करा.”

साहेब वैतागले, पण तीन कागद लिहिले. मुलीचं नाव जानकी. मग साहेब उभे राहून वाचू लागले आणि बाईंनी त्यांच्या ओळीखाली पट्टी धरली. मोठा ऑफिसर, पण पट्टी सरकल्याशिवाय पुढे जात नव्हता. शेठ बाजूला उभा राहून मोबाईलवर बोलत होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, खटला चालू आहे, वकिलांनी बजावलंय. बाई असत्या तर ह्यावरून माझ्याशी कडाकडा भांडल्या असत्या.

सोमीने डोक्यावर बोचकं घेतलं, भागाने जानकीला खांद्यावर. तिघं पायवाटेने रस्त्याकडे निघाले. बाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाल्या, “उभी काय राहिलीस? अंक अडलाय.” आम्ही रिक्षात बसलो.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसात बाई गेल्या. त्यांची फाईल, पट्टी आणि अर्धवट अंक माझ्याकडे आहे. हा मजकूर त्याच अंकात जातोय. पण नियम नियम आहे. बाईंना वाचून दाखवता येत नाही, सोमीला येतं. गेल्या रविवारी बारवीच्या वरच्या वाडीत गेले. सोमी आता भावकीच्या खाचरात भात लावते. चुलीपुढे बसून मी तिला हे सगळं वाचून दाखवलं, सुरुवातीपासून, बाईंच्या पट्टीने. शिव्यांच्या ठिकाणी हसली. पत्रकाच्या ठिकाणी चुलीत लाकडं सारत राहिली. शेवटाला आले, ‘बाईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही’, आणि तिने हात वर केला.

“ह्या खोटा हाय.”

“काय खोटं?”

“तू जाऊन रिक्षात बसलीस, रिक्षा फटफटत व्हती. म्हातारी नाय बसली. ती हुबी व्हती. आमी पार वळनावर जाईपर्यंत हुबी व्हती.” सोमीने चुलीतलं एक लाकूड उचलून डोक्यावर उभं धरलं. “ती पट्टी ऐशी धरली व्हती.”

“हलवत होत्या?”

“नाय. नुस्ती धरून.”

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “रडत होत्या का गं?”

“रडते कशाला! त्या शेठला शिव्या देत व्हती. माझ्याच शिव्या, आयशीपासून. मना वळनापर्यंत ऐकू येत व्हत्या.”

मी लाल पेन काढलं आणि विचारलं, ते वाक्य खोडू का. सोमीने लाकूड परत चुलीत सारलं.

“ऱ्हाऊ दे ता. खाली माझा लिव. आनी तुना दिसला नाय, ता बी लिव.”

लिहिलं. मग तिला पुन्हा एकदा सगळं वाचून दाखवलं.

“ठीक हाय,” सोमी म्हणाली.